गाडीचे दात

गाडीला दात नसतात, हे माझ्या बाबांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. बैलाला असतात, आणि बैलाची सगळी किंमत त्या दातांत असते. दोनदाती गोऱ्हा म्हणजे अजून पोरगा, चारदाती कामाला तयार, सहादाती ऐन भरातला, आणि सगळे दात जुळले की तिथून पुढे नुसता उतार. बाबा बैलांचे व्यापारी होते. आंधळगावच्या आमच्या घरी कोठ्यात कधी सहा बैल असत, कधी चौदा, आणि त्यांच्या पोटापाण्याची काळजी आम्हा पोरांपेक्षा जास्त केली जाई. पहाटे जाग यायची ती घुंगरमाळांनी. बाजारात नेण्याआधी बैलांची शिंगं साळायची, तेल चोळायचं, हिंगूळ लावायचा, एवढं सगळेच करतात आणि त्यात काही खोटं नाही. पोरगी दाखवायची तर नवं लुगडं नेसवतोच की आपण. पण काही व्यापारी म्हाताऱ्या बैलाचे झिजलेले दात कानशीने घासून त्याला तरणा करून विकत. बाबा बैलाचं तोंड उघडून आत बघायचे नाहीत, नुसता अंगठा फिरवायचे. घासलेल्या दातावर तो अंगठा थांबायचा. मग ते भांडत नसत, चारचौघांत कुणाला उघडं पाडत नसत. बैलाचं तोंड मिटवायचे, अंगठा धोतराला पुसायचे आणि पुढच्या बैलाकडे वळायचे. घरी आल्यावर मायजवळ तेवढं म्हणायचे, "दात घासणारा माणूस उद्या आपली माय बी विकते."

सौदा तोंडाने व्हायचा नाही. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबायची. जितकी बोटं धरली तितका आकडा, पाचाच्या वर जायचं असेल तर आधी पूर्ण पंजा दाबून मग वरची बोटं. वरून दोघं एकमेकांच्या पोरांबाळांची विचारपूस करताहेत, धानाची गोष्ट काढताहेत, आणि खाली हाताहातांत भाव चाललाय. एक नियम मात्र पक्का. सौदा करायचा मनात आहे तोवर हात सोडायचा नाही. हात काढला की सौदा मोडला, मग मागून कितीही हाका मारा. लहानपणी बाबा चादरीखाली माझा हात धरून असेच आकडे दाबायचे आणि मी ओळखायची. चुकले की म्हणायचे, "बुडली तू शशे, बैल गेला तुहा." बेरजा मी तिथे शिकले. पुढे तीसेक वर्षं भंडाऱ्याच्या शाळेत पोरांना गणित शिकवलं, पण दुपट्ट्याखालची युक्ती कुठल्या पोराला दाखवली नाही. का, ते पुढे कळेल.

आता गाडी. बाबांना शंकरपटाचा नाद होता. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि मग गावोगाव बैलांचे पट सुटतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. बाबांची बिजल्या-चांद्याची जोडी तीन हंगाम कुणाला हरली नव्हती. जवळच्या एका मालगुजाराच्या धाकट्या मुलाला ती जोडी हवी होती. मालगुजारी केव्हाच गेलेली, वाड्यात होतं ते सगळं हळूहळू विकून खाणं चाललेलं, पण पटाची हौस काही गेली नव्हती. त्याच्याकडे नगद नव्हतं. होती एक दोन माणसांची, वरून उघडी, विलायती मोटार. मँगनीजच्या खाणीवरचा कुणी गोरा साहेब ती शर्यतीत पळवायचा म्हणे, आणि देश सोडताना थोरल्या मालकांना देऊन गेला. धाकट्या मालकांनी बाबांना ती दाखवली. बाबांना मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "धावत होती का पटात?" धावत होती म्हटल्यावर दुपट्टा टाकला गेला आणि बाबा दोन जिंकते बैल देऊन, दुसऱ्या बैलांना जुंपून, दोरखंडाने ती मोटार ओढत घरी घेऊन आले.

माय दारात उभी. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, ते तसंच वाळून गेलं. "दोन बैल देऊन हे काय आणलं वो माय," ती म्हणाली. "हे का बांधीत चालन का धान वाहून आणन?"

"पटाची जात हाये," बाबा म्हणाले. "जात कुठं जात नाही. कधी ना कधी धावन."

गावाला तर वर्षभराची करमणूक मिळाली. गाडी इतकी बुटकी की टोंगळ्याएवढी, म्हणजे गुडघ्याएवढी दिसायची. जुवाखाली बसकण मारणाऱ्या बैलाला बशा म्हणतात, म्हणून गाडीचं नाव पडलं बशी. जाणारा येणारा विचारायचा, "काय गा डोमाजी, दूध किती देते तुही बशी?" बाबा हसायचे, पान लावून द्यायचे. पुढल्या हंगामात बिजल्याचा पाय मुरगळला आणि ती जोडी पटात मागे पडली, तेव्हा कुणी म्हणालं की डोमाजी पहिल्यापासूनच चतुर. त्याच्या पुढल्या हंगामात गाडीच्या हुडावर आमच्या कोंबड्या अंडी घालायला लागल्या, तेव्हा तोच माणूस म्हणाला की डोमाजीचं डोस्कं फिरलं होतं. किमतीचं असंच असतं. वस्तू तिथेच उभी असते, बोलणाऱ्यांची तोंडं तेवढी वरखाली होतात. एकदा मोहाडीचा भंगारवाला येऊन गाडीला टिचक्या मारून गेला, तिचं वजन किती भरेल ते डोळ्यांनी जोखून गेला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला, कारण तोवर ती गाडी मायची झाली होती.

मायला दम लागायचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून काळजात काही बिघडलं असणार, पण ते आम्हाला पुढे कळलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की माय विहिरीवरून आली की कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि आडवी झाली की तिला श्वास पुरत नाही. खाटेवर तिला चैन पडत नसे, भिंतीला टेकलं तर पाठ दुखे. एक दिवस कोंबड्या हाकलायला म्हणून ती कोठ्यात गेली आणि दमली म्हणून गाडीत बसली. त्या सीटची पाठ अशी काही होती, कातडं फाटलेलं पण आतली बैठक शाबूत, की तिथे तिला मोकळा श्वास आला. मग दुपारचं जेवण झालं की माय बशीत. मांडीवर सूप, सुपात लाखोळीची डाळ नाहीतर चिन्नोर तांदूळ, समोर रवंथ करणारे बैल, आणि माय खडे वेचत बसलेली. मी शाळेतून आले की बाजूच्या सीटवर जाऊन बसायची. तिथे बसून मी कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानाच्या वड्या खाल्ल्या, तिथेच मायने माझ्या उवा काढल्या. स्टेअरिंगवर तिचा ओला पदर वाळत असायचा. शेजारणी म्हणायच्या, "पार्बता मोटारीत बसून डाळ निवडते, मालकीण झाली बाप्पा." माय म्हणायची, "या ना, तुम्ही बी बसा, पेट्रोल थोडीच जाते."

गाडी जिवंत केली ती माझ्या दादाने. प्रभाकरदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बैलांचा धंदा त्याला नको होता. साकोलीला मोठ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात तो काम शिकायला राहिला. सुट्टीला यायचा तेव्हा बशीच्या पोटात शिरायचा. त्याने तिच्यातलं काहीच बदललं नाही, कारण बदलायला त्याच्याजवळ काही नव्हतंच. जे होतं तेच काढायचं, रॉकेलने धुवायचं, पुन्हा बसवायचं. तिसऱ्या की चौथ्या सुट्टीला ती सुरू झाली, आणि असा काही आवाज केला की दोन बैल दावं तोडून बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर गेले. त्या दिवशी दादाने मायला तिच्या माहेरी नेलं, करडीला. मी मायच्या पायाशी दुमडून बसले होते. धान कापणीला आलेलं, दोन्ही बाजूंनी बांध्या पिवळ्या. वाऱ्याने मायचा पदर उडाला आणि तिने तो धरला नाही. माहेरच्या गल्लीत तिने दादाला तीन चकरा मारायला लावल्या, आपल्या भावजया दारात येईपर्यंत. ती तेव्हा इतकी हसली की तिला खोकला आला. माझ्या मायला मी आठवायला बसले की हाच दिवस आधी आठवतो, आणि मग दुसरा आठवू नये म्हणून मी उठून कामाला लागते.

पुढल्या उन्हाळ्यात तिचे पाय सुजले. मोहाडीच्या डॉक्टरने नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की काळजाची झडप आक्रसली आहे, दाराला कडी पडावी तशी. ऑपरेशन करून ती मोकळी होते, पण ते इथे नाही, दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात, आणि वर्षाच्या आत करा. बाबांनी किती लागेल ते विचारलं. ऐकून घेतलं. परत येताना एसटीत मायला झोप लागली होती आणि बाबा खिडकीबाहेर बघत होते. आमच्या कोठ्यातले सगळे बैल विकले तरी तेवढं होत नव्हतं. बशी कुणी घेईल, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या मनातही आली नाही. ती तर भंगारात जायच्या लायकीची.

आणि मग दादा साकोलीहून धावत आला. त्याच्या गॅरेजात कलकत्त्याचा एक शेठ गाडी दुरुस्तीला थांबला होता. बोलता बोलता दादाने बशीची गोष्ट काढली, तिचे गोल दिवे, तारांची चाकं, बॉनेटवरचा कातडी पट्टा. शेठ खुर्चीवरून उठून उभा राहिला. असल्या गाड्या जमवणं हाच त्याचा नाद. तो म्हणाला, पंधरवड्याने परतताना बघायला येतो, गाडी खरी निघाली तर माँचा इलाज होऊन वर उरेल. संध्याकाळी जेवायला बसलो होतो. भात, लाखोळीचं वरण, भेदराची, म्हणजे टमाट्याची चटणी. दादाला घास गिळवत नव्हता, इतका तो बोलत होता.

"त्याले जुन्याच गाड्या पाहिजेत बाबा," दादा म्हणाला. "पयले विचारलं तं नंबराचं विचारलं. इंजनाजवळ ते पितळेची पट्टी हाये ना, आन् खाली लोखंडात ठोकलेला नंबर. त्याच्यावरून गाडी कोण्या सालची ते समजते."

बाबांचा हात ताटावर थांबला. "पाहणाऱ्याले समजते?"

"जाणकाराले लगेच समजते. सारी जलमपत्रिकाच त्यात हाये तिची."

"मंग लय म्हातारी हाये हेही समजन."

"समजन ना," दादा खुशीत म्हणाला आणि त्याने आणखी भात वाढून घेतला.

मी समोरच बसले होते. दोघं एकच वाक्य बोलत होते आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे मला आज दिसतं. दादा दुसऱ्या दिवशी साकोलीला परत गेला, शेठला घेऊनच येतो म्हणाला. तो गेल्यावर बाबा मायला म्हणाले, "पोरगं भोळं हाये. घेणारा असंच म्हणते. मले जुनीच पाहिजे म्हणते, म्हणजे मंग भाव पाडाले मोकळा. जुन्याचा भाव कोणं वाढवला आजलोक?" यात चूक तरी काय होती? साऱ्या जन्मात त्यांनी एकही वस्तू म्हातारी होऊन महाग झालेली बघितली नव्हती. बैल नाही, गाय नाही, छकडा नाही, माणूस तर नाहीच.

मग बाबा कामाला लागले. ट्रॅक्टरला लावतात तो लाल रंग आणून त्यांनी बशीला दोन हात दिले. दिव्यांच्या कडा चिंचेने घासून लखलखीत केल्या, शिंगं साळल्यासारख्या. पुढे घुंगरमाळ बांधली. फाटक्या सीटवर पोळ्याची झूल टाकली. गावातले लोक बघायला येत होते आणि या वेळी कुणी दुधाचं विचारत नव्हतं, कारण कशासाठी चाललंय ते सगळ्यांना माहीत होतं. एकाने तर आपल्या घरचं उरलेलं तेल आणून चाकांना लावलं. शेठ यायच्या आदल्या सकाळी मी कोठ्यात शेण भरायला गेले तेव्हा बाबा बॉनेट उघडून आत वाकले होते आणि करकर आवाज येत होता. माय सूप घेऊन दारात उभी होती. तिला तो आवाज माझ्याआधी कळला. व्यापाऱ्याची बायको ती.

"दात घासून राहिले का?" तिने विचारलं.

बाबांचा हात थांबला. त्यांच्या हातात कानस होती आणि अंगठ्यावर पितळेचा पिवळा भुगा. त्यांनी वर बघितलं नाही. "एक डाव," ते म्हणाले. "एक डाव वो."

मायने सूप खाली ठेवलं, बैलांच्या मधून चालत गेली आणि आपल्या पदराने त्यांचं कपाळ पुसलं. मग पुन्हा करकर सुरू झाली. पट्टीवरचं साल गेलं, पट्टीवरचा नंबर गेला, आणि मग बाबा गाडीखाली झोपून लोखंडात ठोकलेला नंबर घासू लागले. त्याला दुपारपर्यंत वेळ लागला.

शेठ भला माणूस होता, हे मला लिहिलंच पाहिजे. पांढरा शर्ट, हातात लहानशी टॉर्च. लाल रंग बघून दादाचा चेहरा पडला, पण शेठ हसला. त्याने नखाने रंग खरवडला, खालचा बाटलीसारखा हिरवा दिसला. "रंग तो उतर जाता है," तो म्हणाला. तारांची चाकं बघितली, पट्टा बघितला, झूल उचलून सीटचं फाटकं कातडं बघितलं आणि त्यावर हात फिरवला, आपण वासराच्या पाठीवर फिरवतो तसा. त्याचे डोळे चमकत होते. बाबा कोठ्याच्या खांबाशी धुतलेला दुपट्टा घेऊन उभे, आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, झालं, माय बरी झाली. मग शेठने बॉनेट उघडलं. टॉर्च लावली. त्याचा अंगठा पितळेच्या पट्टीवरून फिरला आणि थांबला. तो गाडीखाली गेला. बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याने बॉनेट हळूच लावून टाकलं.

दादाला तो चिंचेखाली घेऊन गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "किसी ने नंबर घिस दिया बेटा," शेठ म्हणाला. "कागज में नंबर है, गाडी में नहीं. अब ये वही गाडी है, कौन मानेगा? रंग उतर जाता, मशीन बन जाती, ये नहीं बनता. पुर्जे जोडके ऐसी गाडी कोई भी खडी कर ले. जैसी थी वैसी रहने देते." दादाने माझ्याकडे बघितलं, मी कोठ्याकडे बघितलं. दादाला कळलं.

तेवढ्यात बाबा पुढे आले. त्यांनी शेठसमोर हात केला आणि त्यावर दुपट्टा टाकला, सौदा बोलायला. शेठचे हात काळे झाले होते, ग्रीसने माखलेले. त्याला वाटलं, हात पुसायला कपडा दिला. त्याने तो दुपट्टा घेतला, एकेक बोट नीट पुसलं, आणि घडी करून बाबांच्या उघड्या हातावर परत ठेवला. "शुक्रिया बाबूजी," म्हणाला. बाबांचा हात तसाच पुढे. मायने त्याच्यासाठी लाखोळीचे वडे तळले होते. ते त्याने ओसरीत बसून खाल्ले, आणखी मागून घेतले, मायला नमस्कार केला, आणि तो गेला.

"काहून नाही घेतली?" बाबांनी विचारलं.

दादा म्हणाला, "त्याले लाल रंग पसंत नाही आला."

"असं होय," बाबा म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. त्या रात्री दादाने मला शपथ घातली. आपण बाबांना हे कधीच सांगायचं नाही. सांगून काय होणार होतं? मी हो म्हटलं आणि आम्ही दोघांनी ते पाळलं.

बाबांनी नंतर जिवाचं रान केलं. बैल विकले, धानाची एक बांधी विकली, बिजल्याच्या गळ्यातली चांदीची घंटा तेवढी उरली होती ती विकली. मामांनी दिलं, शेजाऱ्यांनी दिलं, त्या दुधाचं विचारणाऱ्याने सगळ्यात जास्त दिलं. धान निघालं की जायचं ठरलं. तिकिटांचं विचारून झालं होतं. कापणी चालू होती, घरात कुणी नव्हतं, मी शाळेतून आले आणि दप्तर टाकून नेहमीसारखी कोठ्यात गेले. कोठा रिकामा, बैल नाहीत. माय बशीत बसली होती, मांडीवर सूप, डोकं सीटच्या पाठीला टेकलेलं. डाळ निवडून झाली होती. मी बाजूच्या सीटवर जाऊन बसले आणि तिला शाळेतलं काहीतरी सांगायला लागले. बरंच सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती हूं म्हणत नाहीये.

यापुढचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. बाबांनी मोहाडीच्या भंगारवाल्याला स्वतः बोलावलं. दादा मधे पडला नाही. मायची सीट मात्र बाबांनी काढून ठेवली, ती ओसरीत भिंतीला लावून ठेवली आणि तिच्यावर कुणालाही बसू दिलं नाही. बैलांचा धंदा त्यांनी सोडला. लोक सल्ला विचारायला यायचे, जरा दात बघून द्या म्हणायचे, तर म्हणायचे, "डोळे गेले आता." गंमत म्हणजे दात त्यांनी डोळ्यांनी कधी बघितलेच नव्हते.

माझा नातू मोबाइलवर मला असल्या गाड्यांचे लिलाव दाखवतो. आजी हे बघ, आजी ते बघ. मला आता त्यातलं बरंच कळतं, नको असताना कळलं. नवी गाडी घराबाहेर पडल्या दिवसापासून उतरायला लागते, उतरत उतरत कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येते, आणि तिथे तिला कुणी हात न लावता राहू दिलं, तर कधीतरी पुन्हा चढायला लागते. काहींच्या तर गंजालाही मोल येतं. मागे एक दाखवली त्याने, तसलीच, हिरवी. फाटकं कातडंही तसंच ठेवलेलं. मी म्हटलं, बंद कर ते, जेवायला बस.

बाबांना झटका आला तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी आठ दिवस राहायला म्हणून आंधळगावला आले. संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसले होते, तर त्यांनी डावा हात चादरीखालून माझ्याकडे सरकवला आणि माझी बोटं धरली. मला लहानपणचा खेळ आठवला, हसूच आलं. त्यांनी तीन बोटं दाबली. मग एक. मग सगळा पंजा आणि वर दोन बोटं, म्हणजे सात. मग दोन. मग चार. मी म्हटलं, "बाबा, कोणत्या बैलाचा भाव हाये हा?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा तेच दाबलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी दादाला गमतीने सांगितलं, की बाबा मला रोज एकच सौदा घालताहेत, तीन, एक, सात, दोन, चार. दादा चहा गाळत होता. त्याच्या हातातून गाळणं पडलं.

तो बशीचा नंबर होता. गाडीच्या कागदावर होता आणि दादाला पाठ होता. बाबांना तो इंग्रजी कागद कधी वाचता आला नाही, पण आकडे तेवढे कळायचे, आणि त्यांनी तो नंबर आपल्या हाताने, एकेक आकडा करून, लोखंडातून घासून काढला होता. आम्ही समजत होतो की त्यांना काही माहीत नाही. अहो, ज्या माणसाने साऱ्या जन्मात अंगठ्याने घासलेले दात ओळखले, त्याला दुसऱ्याचा अंगठा थांबलेला दिसणार नाही? शेठने बॉनेट हळूच लावलं, बाबा बैलाचं तोंड मिटवायचे तसं, तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं, तरी मायसाठी त्यांनी दुपट्टा टाकून बघितला. आणि पोरं आपल्यासाठी खोटं बोलताहेत हेही कळलं, म्हणून ते "असं होय" म्हणून बैलांना पाणी दाखवायला गेले. आम्ही त्यांना जपत होतो आणि ते आम्हाला जपत होते, आणि मधे माय एकटीच मेली.

दादाने हात धुतले आणि खाटेशी जाऊन बसला. चादरीखाली हात घातला. बाबांनी त्याची बोटं ओळखली असणार, ती जाड, गॅरेजात घट्टे पडलेली. त्यांनी दाबायला सुरुवात केली, तीन, आणि दादाने त्यांना थांबवलं. मग दादाने तोच नंबर त्यांच्या बोटांवर परत दाबला, सावकाश, शेवटपर्यंत. आमालेही माहीत होतं बाबा, एवढंच त्याला सांगायचं होतं. बाबांच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. मायच्या वेळी मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता ते हात काढून घेतील. मी चहा आणून ठेवला, तो निवून गेला, दिवेलागणीची वेळ झाली, शेजारची बाई विचारपूस करून गेली, आणि बाबांनी दादाचा हात सोडला नव्हता.